पेटती भट्टी

कुरुळीजवळच्या काचेच्या ग्लास-बरण्यांच्या कारखान्यातला तपासणी विभाग गेल्या दसऱ्यानंतर बंद करण्यात आला. नोकरी गेलेल्यांत सुमनमावशी होत्या. मी त्यांच्याच पाळीत पॅकिंगला होतो. तोवर दुसरीकडे लागलो होतो.

मावशी मूळच्या लातूरकडच्या. पट्ट्यावरून येणारा ग्लास उजेडात धरायचा, नखाने टिचकी मारायची आणि आवाज बद्द आला की तडा आहे असं समजून बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. माणसांनाही त्या तशाच तपासत. साहेब हसला तर का हसला, युनियनवाल्याने आपणहून चहा पाजला तर कशासाठी, हे कळल्याशिवाय त्यांना घोट जात नसे. "मावशी, देवावर तरी भरवसा आहे का?" असं कुणी चिडवलं की म्हणत, "हाय की. पण नारळ वाजवूनच घेते."

संशय नव्हता तो एकट्या भट्टीवर. काचेची भट्टी वर्षानुवर्षे विझवत नाहीत. विझली तर आतली काच गोठते, विटा फुटतात. त्यामुळे कारखाना बंद पडायचा असेल तर आधी भट्टी विझेल, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

मागणी घटली. पट्टा निम्मा वेळ रिकामाच फिरू लागला. साचे ट्रकमध्ये भरून बाहेर गेले. त्याच सुमारास चाकणच्या एका कंपनीत तपासणीला माणसं हवी होती. मी मावशींना म्हणालो, "चला, दोघंही जाऊ."

"तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही हो. खरंच जागा आहेत."

"आपण राजीनामा द्यावा म्हणून साहेबानंच उठवलेली आवई असंल. मला काय येडी समजतोस? तिकडं बघ, भट्टी पेटलेली हाय."

त्यांच्या घरात पगार त्यांचा एकटीचा होता. मी गेलो. त्या राहिल्या.

भट्टी शेवटपर्यंत पेटती होती. कारखाना विकायचा होता, आणि गार भट्टीला गिऱ्हाईक मिळत नाही. कामगार कमी झाल्यावर नवा मालक आला. तपासणीला त्याने कॅमेरे बसवले, पॅकिंगला ठेकेदाराची माणसं घेतली. चाकणच्या जागा तोवर भरल्या होत्या.

मावशी एकदा जुन्या गेटवर काम विचारायला गेल्या. वॉचमन ओळखीचा होता. पुढचं त्यानेच मला सांगितलं. ठेकेदाराने मावशींना वय विचारलं. त्यांनी खरं सांगितलं. त्याने गेट लावून घ्यायला सांगितलं.