दुपट्यातलं वजन

बाळंतिणींच्या वॉर्डात पाळणे भरतात, रिकामे होतात. किस्से मात्र डिस्चार्ज घेत नाहीत! एकावर एक साठत जातात.

आता रिटायर झाल्यावर मी परळला लॅक्टेशन कन्सल्टंट होऊ घातलेल्या मुलींना शिकवते. एसी क्लासरूम, पडद्यावर शब्दांची यादी. कोलोस्ट्रम, लॅच, डिमांड फीडिंग. मुली भराभर लिहून घेतात. मला मात्र प्रत्येक शब्दाला लालबागचं ते छोटं प्रसूतिगृह आठवतं, गिरणी संपाच्या काळातलं. मी तिथे सिस्टर होते. जोडीला आया सुंदराबाई, कोळीवाड्यातली, आवाज असा की बाळंही दचकायची.

*

कोलोस्ट्रम म्हणजे आपला चीक. पहिलं, घट्ट, पिवळसर दूध. मुलाचं पहिलं औषधच म्हणा ना!

कुंदा नावाच्या एका बाळंतिणीची सासू तो बाळाला बाधतो म्हणून वाटीत पिळून काढून मोरीत ओतायला निघाली होती. कुंदाचा नवरा गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार, तेव्हा संपावर. सासू मालवणकडची. मी वाट अडवली.

"आजी, गाईच्या चिकाचा खरवस आवडीनं खाता ना? मग नातवाचा चीक ओतता कसा?"

म्हातारीनं वाटी खाली ठेवली.

"खरवसाक साखर लागता, सिस्टर. साखर बघून दोन म्हयने झाले."

मी विचारलं काय, ती बोलली काय! पण त्यानंतर तिनं चीक टाकला नाही.

*

डिमांड फीडिंग म्हणजे बाळ मागेल तेव्हा पाजायचं. गिरणगावात ते पटवणं महाकठीण. इथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर पोरं पाजली. सकाळचा भोंगा झाला की एकदा, दुपारचा झाला की एकदा. आणि आता संपात भोंगेच बंद!

"भोंगो नाय, मगे पाजूचा कधी?" कुंदाच्या सासूनंच विचारलं.

मी समजावत होते, बाळ मूठ चोखायला लागलं की पाजायचं, रडायची वाट बघायची नाही. सुंदराबाई मागून ओरडली, "अगो म्हातारे, गिरनीला संप हाय, पोराचे पोटाला काय संप असतो काय?"

वॉर्डात कुणीच हसलं नाही.

*

लॅच. बाळानं नुसतं टोक धरायचं नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात घ्यायचा. नाहीतर आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहतं. कुंदाला पडल्या होत्या. पोर तोंडाशी आलं की ती डोळे मिटून दात आवळायची. मी तीनदा दाखवलं, जमेना.

सुंदराबाईनं पोराची हनुवटी हलकेच खाली ओढली. "बोंबील बघितलास ना टोपलीत? तसा आ करू दे त्याला, मग लाव!"

पोरानं आ केला आणि बरोबर धरलं!

शेजारच्या खाटेवर दादरची एक सुशिक्षित बाळंतीण होती. तिनं अगदी काळजीनं विचारलं, "आमच्यात मासे चालत नाहीत हो. आम्ही कसं करायचं?"

त्या दिवशी अख्खा वॉर्ड हसला. कुंदासुद्धा. तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

*

बाळंतिणीला वॉर्डात रोज एक उकडलेलं अंडं मिळायचं. कुंदाचं अंडं जायचं कुठे ते कळेना. भेटायच्या वेळी तिची चार वर्षांची मुलगी यायची, तेव्हा मला संशय आला.

"माझ्यासमोर खा!" मी दरडावलं. तिनं अख्खं अंडं तोंडात कोंबलं. मी समाधानानं पुढच्या खाटेकडे वळले.

सुंदराबाईनं मला कोपरानं ढोसलं. कुंदानं गालातून अंडं काढलं होतं, न चावलेलं. पदराला पुसून मुलीच्या हातात देत होती.

माझं डोकंच फिरलं. "तुझ्या अंगात काही गेलं नाही तर बाळाला काय पाजशील?"

ती म्हणाली, "दोघं माझीच ना, सिस्टर?"

पुस्तकात लिहिलंय, उपाशी आईलाही दूध येतं. खरं आहे. आईचं पुढे काय होतं ते त्या धड्यात नाही. मुलींना हे सांगताना मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही.

*

शेवटचा शब्द वेट गेन. बाळाचं वाढतं वजन.

विसाव्या दिवशी कुंदा दादरला दोन घरची धुणीभांडी करायला लागली. घरात तेवढीच कमाई. मागे सासू बाटलीत चमचाभर दुधाची पावडर आणि बाकी पाणी भरून पाजायची. "पांढरां दिसता मा? मगे झाला!" वजन वाढेल कसं?

दर आठवड्याला सासू-सून बाळाला घेऊन वजनाला यायच्या. एकदा कुंदा हळूच म्हणाली, "सासूबाई म्हणतात, तुझं दूध पुरत नाय, पोराक मी गावाक नेतंय. सिस्टर, मी कामं सोडून जाऊ शकत नाय. तो गेला तर माझं दूध जाईल. तोच जाईल."

पुढच्या खेपेला काट्यानं एकदम तीनशे ग्रॅम जास्त दाखवले. गर्दीत आम्ही बाळ दुपट्यासकटच ठेवायचो आणि दुपट्याचं वजन वजा करायचो. मला आनंद झाला, पण पोराचे पाय काड्यांसारखेच. दुपट्याच्या घडीत हात घातला. पितळी कुलूप!

"खोलीचंय," कुंदा कुजबुजली. "संपापासून सगळी घरातच असतात. लावायची वेळच येत नाय."

बाकड्यावरून सासूनं विचारलं, "किती भरला?"

मी नर्स होते. खरं वजन लिहिणं माझं काम होतं. पण कुंदा माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, एक आठवडा मिळू दे हिला, पाजणं मी सुधारून घेईन. मी कुलूप एप्रनच्या खिशात टाकलं आणि कार्डावर कुलपासकटचं वजन लिहिलं, तीन किलो.

सासूनं कार्ड कपाळाला लावलं.

"देव पावलो! डॉक्टर म्हणालेलो, तीन किलो झाल्याशिवाय पोराक एस्टीत घालू नको. उद्याच निघतंव."