पाटावर बसलेलं पुणं

विमानाने लोहगावहून उड्डाण केलं आणि खाली पुणं नव्हतं. नदी होती. तिच्या दोन्ही अंगांना सपाट हिरवं रान होतं आणि मधेच लाल छपरांची, परदेशी धाटणीची चार-दोन घरं. खराडी, येरवडा, हडपसर यांपैकी काहीच नाही.

विमान अर्थातच खोटं होतं. बापूसाहेबांनी खराडीत वैमानिक होऊ पाहणाऱ्यांसाठी अकॅडमी काढली होती आणि तिथला फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान चालवण्याचा सराव, मी बसवून दिला होता. दसऱ्याच्या मुहूर्तावर उद्घाटन होतं. पायलटच्या खुर्चीत एका कॉलेजच्या प्राचार्य मॅडम होत्या. त्यांना पसंत पडलं तर त्यांच्या विद्यार्थ्यांची तुकडी इथे येणार होती. नाही तर अकॅडमीत खुर्च्या होत्या, विद्यार्थी नव्हते.

"तुमच्या पत्रकात पुण्यावरून उडायला शिकवणार असं छापलंय," मॅडम म्हणाल्या. "हे कुठलं गाव?"

मी टेबलामागे वाकून पाहिलं. वायर होती, तिच्या टोकाला ड्राइव्ह नव्हता.

हा ड्राइव्ह काय, ते सांगतो. सिम्युलेटरचा मूळ प्रोग्रॅम जगभर साधारण एकसारखी जमीन दाखवतो. खरं पुणं हवं असेल तर त्याची सीनरी वेगळी घालावी लागते. ती तीनशे जीबीची होती आणि मशीनच्या आतल्या डिस्कवर चाळीस जीबी मोकळे होते. म्हणून मी सीनरी बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवली आणि प्रोग्रॅमला पत्ता दिला: पुणं 'ई' ड्राइव्हवर आहे. दुकान इथे, गोदाम तिकडे, असा हिशेब. गोदाम सापडलं नाही तर प्रोग्रॅम तक्रार करत नाही. आहे त्या मालावर दुकान चालवतो.

बापूसाहेबांना बाजूला घेऊन विचारलं.

"ती काळी डबी ना? काल खंडेनवमीला हडपसरच्या घरी पूजेला नेली," ते शांतपणे म्हणाले. "आमच्यात प्रत्येक धंद्याचं हत्यार देवीआईसमोर मांडतात. तुम्हीच म्हणालात, सगळं या डबीत आहे."

मी म्हणालो होतो खरा.

तोवर पाहुण्यांमध्ये चैतन्य आलं होतं. बापूसाहेबांचे बरेचसे नातेवाईक मूळचे खराडी-हडपसरचे शेतकरी. आयटी पार्क उभे आहेत तिथे एके काळी त्यांची रानं होती, आणि आता पडद्यावर परत रानच दिसत होतं. एक काका पुढे सरकून म्हणाले, "मॅडम, जरा डावीकडं घ्या, आमची विहीर दिसंल." मॅडमनी खरोखरच विमान डावीकडे वळवलं. विहीर दिसली नाही. तरी दोघांनी दिसल्याचं सांगितलं.

मी हडपसरला बापूसाहेबांच्या आईंना, आक्कांना, फोन लावला.

"आक्का, तो ड्राइव्ह आत्ता लागणार आहे."

"पूजेतलं उचलायचं न्हाई. सांजच्याला सोनं वाटून झालं की उचलंन."

"त्यात सगळं पुणं आहे."

"मग ऱ्हाऊ द्या की देवापाशी. कुठं पळून जातंय?"

नियम नेमका काय आहे, हे विचारून घ्यायची मला सवय आहे. उचलायचं नाही म्हणजे कशावरून उचलायचं नाही? पाटावरून, असं कळलं. मग पाटासकट आणलं तर?

"पाट हलला तर चालंल," आक्का म्हणाल्या. "पण मी संगं येणार."

त्या गाडीत मांडीवर पाट धरून आल्या. पाटावर विळा, अडकित्ता, जेसीबीची किल्ली, झेंडूची फुलं आणि हळदीकुंकू लावलेला ड्राइव्ह. पाट सिम्युलेटरशेजारच्या स्टुलावर ठेवला. ड्राइव्हच्या सॉकेटमध्ये हळद गेली होती. ब्रशने साफ करू का, असं मी विचारलं.

"तोंडातली काढा. अंगावरची ऱ्हाऊ द्या."

वायर जोडली. तरीही पुणं नाही. कारण सापडलं: मधल्या वेळात फोटोग्राफरने त्याच मशीनला आपला पेन ड्राइव्ह लावला होता. 'ई' हे अक्षर त्याला मिळालं आणि आमच्या ड्राइव्हला 'एफ'. म्हणजे प्रोग्रॅम उद्घाटनाच्या फोटोंमध्ये पुणं शोधत होता. पेन ड्राइव्ह काढला, अक्षर बदललं, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. मॅडमनी परत उड्डाण केलं आणि खालून इमारती उगवल्या. रस्ते, पूल, आयटी पार्क, सगळं जागच्या जागी.

आक्का पडद्याकडे पाहत होत्या. "मगाचं बरं हुतं," एवढंच म्हणाल्या.

मॅडमनी विमान एका टॉवरला धडकवलं, दुसऱ्यांदा कसंबसं उतरवलं आणि उठल्या. बापूसाहेबांनी हात जोडले होते, ते तसेच राहिले.

"तुकडी पाठवते," मॅडम म्हणाल्या. "फक्त सुरुवातीला मुलांना ते पहिलं गाव द्या. त्यात आपटायला इमारती कमी आहेत."

त्यामुळे अकॅडमीत नव्या मुलांसाठी ड्राइव्ह काढायचा आणि जुन्यांसाठी जोडायचा, असा क्रम पडला. बापूसाहेबांचे काका मात्र नव्या मुलांच्या वेळेलाच येऊन बसतात.

मी एवढंच शिकलो की महत्त्वाच्या ड्राइव्हच्या दोन प्रती ठेवाव्यात. एक कामाला, एक पूजेला.