आईच्या रांगेतली झाडं

लेम्पी कोस्केला आयुष्यभर शाळेची बस चालवत आली. धुकं असो, हिमवादळ असो, मागे पोरांचा कालवा असो, ती कधी डगमगली नाही. पण गोठलेल्या सरोवरावर पाऊल टाकायचं म्हटलं की ती काठावरच अडून बसायची. बेटावर जन्मलेल्या बाईला हे शोभत नाही, असं बेटावरचे लोक म्हणत. म्हणोत बापडे. लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत दूधवाल्याचा ट्रक बर्फाखाली गेला होता. माणूस वाचला. पण एवढा मोठा ट्रक जाताना काहीच आवाज झाला नाही, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

थंडीत बेट आणि किनारा यांच्यामधलं पाणी गोठलं की तोच रस्ता. नाताळ सरला की घराघरांतली सजावटीची झाडं गोळा करायची, बर्फात भोकं पाडून रोवायची, बुडाशी पाणी ओतायचं. सकाळपर्यंत झाड घट्ट. काही दिसेनासं झालं तर एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत चालत राहायचं. ही रांग वर्षानुवर्षं लेम्पीची आई हिल्या लावायची. आधी लोखंडी काठीने बर्फ ठोकून पाहायची, मगच झाड. "झाडाला धरून चाल," ती रडणाऱ्या लेकीला सांगायची, "तिथे मी आधी उभी राहिलेय." तेवढ्यावर लेम्पी चालायची.

हिल्या गेली, बेटावरच तिला पुरलं. तिचा वाढदिवस मार्चअखेरीला, नेमका बर्फ कुजायला, आतून पोकळ व्हायला लागतो तेव्हा. त्या दिवशी आता किनाऱ्यावर राहणाऱ्या लेम्पीने वेलची घातलेला, वेणीसारखा गुंफलेला पाव घेऊन यायचं, बेटावरच्या धाकट्या भावाने, आर्वोने, थडग्यावरचा बर्फ काढून मेणबत्ती लावायची, आणि दोघांनी तिथेच उभ्याने कॉफी प्यायची, असा शिरस्ता पडला होता. झाडं आता आर्वो लावत असे, आईच्याच रांगेत.

यंदा तिने आदल्या दिवशी फोन केला. "बर्फ कसा आहे?"

"माणसाला चालेल. गाडी नको आणूस."

"नक्की ना?"

"अगं, एवढी मोठी बस चालवतेस तू!"

"बस रस्त्यावर चालते. तिच्याखाली मासे नसतात."

"मग राहू दे. आईला सांगतो, तुझ्या लेकीला सवड नाही."

टोमणा बरोबर बसला. सकाळी गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोचे, पाण्यात पडलं तर बर्फात रोवून वर यायला, अडकवून, पाठीवर पाव घेऊन ती निघाली. डावीकडे लांब कुणीतरी काही फांद्या खोचल्या होत्या. मासे धरणाऱ्यांच्या असतील, म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही. समोर झाडं सरळ उभी होती, आणि ती खाली न बघता एकेक झाड गाठत गेली.

निम्म्या वाटेवर पुढचं झाड कललेलं दिसलं. त्याच्या बुडाशी काळं पाणी होतं. तिने मागे पाहिलं, तर तिच्याच पावलांचे ठसे पाण्याने भरत होते. पायाखालचा बर्फ ओल्या भिंतीसारखा राखाडी झाला होता. पुढे जाता येईना, मागे फिरवेना. श्वास घेतला तरी वजन वाढेल असं तिला वाटायला लागलं.

"लेम्पी! तिकडे कुठे गेलीस?" त्या फांद्यांच्या बाजूने आर्वो हलकी होडी ओढत धावत येत होता. "वाट इकडे आहे! पोटावर झोप! उभी राहू नकोस!"

ती आडवी झाली. कोपरांवर सरकताना बर्फ खाली दबत होता आणि पुन्हा वर येत होता. बाह्यांत पाणी शिरलं. एक पाय मांडीपर्यंत आत गेला. तिने टोचे रोवले. आर्वोने फेकलेला दोर हाताला लागला, आणि पोत्यासारखी ओढत त्याने तिला होडीत घेतली.

दात वाजायचे थांबल्यावर तिने विचारलं, "वाट बदललीस?"

"बर्फाखालचा ओघ सरकला, जुन्या वाटेवरचा बर्फ पातळ झाला. बेटावर घरोघरी जाऊन सांगितलं."

"आणि मला?"

आर्वो ओला दोर गुंडाळायला लागला.

"जुनी झाडं का नाही काढलीस?"

"करवत घेऊन आलो होतो गं. आईची रांग. तिच्या वाढदिवसाच्या आठवड्यात मला नाही कापवली."

"आणि मी त्याच रांगेवरून येणार, हे नाही सुचलं? गाढवा, दुसऱ्या कशावर चालते मी?"

त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. रडत असावा. लेम्पीला त्याची कीव आली नाही असं नाही, पण तिची नजर किनाऱ्याकडे होती. आज रविवार. दुपारी किनाऱ्यावरून कुणीही याच रांगेने निघालं असतं.

"करवत कुठाय?"

"आत्ता? तू थरथरतेयस!"

"थरथरत कापेन. होडीला धरून राहा."

त्याने आणलेले कोरडे पायमोजे तिने चढवले, आणि होडीत तशीच पडलेली करवत घेऊन दोघं होडी ढकलत त्या रांगेला लागले. एक पाय होडीत, एक बर्फावर, तडकल्याचा आवाज आला की दोघंही आत. प्रत्येक झाड आडवं होताना लेम्पी डोळे मिटत होती. कललेलं झाड तिने स्वतः कापलं. शेवटचं पडल्यावर लांबून तिथे कधी वाट होती हे ओळखू आलं नसतं.

थडग्यापाशी पोचेस्तोवर दुपार कलली. पावाचा लगदा झाला होता, तो त्यांनी तसाच खाल्ला.

"मी फेरीबोट सुरू झाल्याशिवाय परत जाणार नाही," लेम्पी म्हणाली.

"त्याला कित्येक आठवडे आहेत. शाळेची बस?"

"चालवेल कुणीतरी."

आर्वोने थर्मास उघडला. कॉफी ओतताना त्याने झाडं नसलेल्या सरोवराकडे पाठ केली होती.