स्क्विंट

मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास आला की मला सुप्याच्या एमआयडीसीतला एक इंग्रजी मिरवणारा गाढव आठवतो, म्हणजे मी. संध्याकाळच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात सरांचा नियम होता, रोज एक नवा शब्द कामावर वापरायचा. त्या दिवशी मिळाला ‘स्क्विंट’, म्हणजे डोळे बारीक करून बघणं. आमच्या लाईनवर पार्ट तपासणाऱ्या मावशी मापाच्या गेजवरचे आकडे वाचताना तसंच बघायच्या, आणि त्यांच्या हातून खराब पार्ट कधी सुटला नव्हता. मी शिफ्ट रिपोर्टात ऐटीत लिहिलं, ‘ऑपरेटर स्क्विंट्स.’ मॅनेजरसाहेबांनी माझी पाठ थोपटली, “व्वा, काय इंग्लिश!” आणि नजर अधू म्हणून मावशींना झाडलोटीला लावलं. त्या झाडू घेऊनच माझ्यापाशी आल्या. “मी तर नीट बगत हुते, दादा. तू काय लिव्हलंस?” साहेबांकडे जाऊन चूक कबूल केली असती, तर शाबासकी गेली असती, म्हणून मी मशीनकडे तोंड फिरवलं. आता मलाही चाळिशी लागलीय. चष्मा खिशातच असतो. डोळे बारीक करून गेज वाचतो. पण त्याआधी मागं माझ्यासारखा कुणी उभा नाही ना, ते बघून घेतो.