व्यसनमुक्ती कक्षातली मंडळी

एका जागी पाच वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. कितीही झाडा, कोपऱ्यात दोन-चार उरतातच! मी विद्यापीठात शिकवते आणि कॅम्पसवरचा व्यसनमुक्ती कक्ष सांभाळते. कक्ष म्हणजे एक खोली, सहा खुर्च्या आणि गंगापूरचे शिपाई कचरूमामा.

*

पहिल्याच आठवड्यात मामा भिंतीवर पोस्टर चिकटवत होते. त्यावर एकाच माणसाचे दोन फोटो, तंबाखू सोडण्याआधीचा आणि नंतरचा. मामांच्या गालात तंबाखूचा बार!

"मामा, निदान पोस्टर लावताना तरी थुंकून या!"

"मॅडम, मी 'आधी'चा फोटो हाय. 'नंतर'चा तुमी हुडका!"

*

घोषवाक्य स्पर्धेचं पहिलं बक्षीस पुकारलं आणि विजेता गायब. गेटबाहेरच्या टपरीवर सापडला, हातात सिगारेट!

"अरे, हे काय?"

"मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा नंबर आलाय. लई टेन्शन आलं!"

रागवायलाच गेले होते, पण त्यानं सिगारेट पायाखाली विझवली. मग हाताला धरूनच स्टेजवर आणलं.

*

एक मुलगा तीन आठवडे येत होता. "मॅडम, मित्रासाठी विचारतोय. त्याचं पिणं सुटत नाय." असले मित्र मला चांगले ठाऊक आहेत. म्हटलं, "पुढच्या वेळी मित्रालाच आण."

तर खरंच घेऊन आला! मित्रानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, मी याच्यासाठी आलोय. याचंच लई वाढलंय."

दोघंही खरं बोलत होते. आता जोडीनं येतात.

*

छावणीच्या दवाखान्यातून एक डॉक्टर व्याख्यानाला आले. "ज्यांना व्यसन आहे त्यांनी हात वर करा." मागून एकच हात वर झाला, मामांचा! पोरं हसली.

"हसता काय? डॉक्टर एवढे आलेत, कुणीतरी पेशंट पाहिजे का नाय!"

मग हळूहळू आणखी चार-पाच हात वर आले. मला मामांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

*

मागल्या महिन्यात आम्ही व्यसनापासून दूर राहण्याची संकल्पपत्रं वाटली. वर विद्यार्थ्याचं नाव, वर्ग, खाली पालकाची सही. सगळ्यांनी भरून दिली, पहिल्या वर्षाच्या आरतीनं तेवढी दिली नाही.

खोदून विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, मी नाय, पप्पा पितेत. दोन कंपन्यांनी काढलं. आता वाळूजच्या कंपनीतली ही नोकरी बी गेली तर मला शिक्षण सोडून कामाला लागावं लागंल." कोरा कागद घेऊन ती घरी गेली. दोन आठवडे तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

मग एका दुपारी दारात एक गृहस्थ आले. अंगात कंपनीचा शर्ट, ताजी दाढी केलेली. त्यांनी कागद पुढं केला. विद्यार्थ्याचं नाव: आरतीच्या वडिलांचं. वर्ग: दुसरी शिफ्ट. पालकाची सही: आरती.

मी खुर्ची पुढं सरकवली. "बसा ना."

ते बसेनात. दाराकडं बघत हळूच म्हणाले, "मॅडम, पालक बाहेर उभ्या हायेत. त्यांना बी आत बोलवू का?"