हद्दीत गेलेली विहीर

१९ नोव्हेंबर, रविवार. वस्तीतली माणसे चारशे सत्तावीस. त्यांत पाळण्यातली अकरा.

ही मोजणी वस्तीने स्वतःच केली होती, कारण स्वतःची ग्रामपंचायत स्थापन करायची तर कायद्याने पाचशे रहिवासी लागत. पाहुणे धरायचे का, असा प्रश्न निघाला. "धरा की, निम्मे तर जायचं नावच घेत नाहीत," कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. तरी पाचशे भरेनात. मग एकच मार्ग उरला: शेजारच्या शहराने वस्तीला आपल्या हद्दीत घ्यावे.

हा सगळा खटाटोप पाण्यासाठी होता. वस्तीला विहीर एकच, पंपवाल्या मावशींची. नवऱ्याच्या माघारी पंप त्याच चालवत. अलीकडे विहिरीत शोषखड्ड्यांचे पाणी झिरपू लागले होते आणि वास लपत नव्हता. पाणी उकळून प्या, असे मावशी ज्याला त्याला बजावत. आपणच पंपाने सोडलेल्या पाण्याबद्दल असे सांगावे लागते याची त्यांना शरम वाटे.

हद्दवाढीची पहिली अट अशी, की घ्यायची जमीन शहराला लागून हवी. वस्ती आणि शहर यांच्यामध्ये मावशींचाच अरुंद पट्टा होता. शहराच्या शेवटच्या रस्त्यापासून निघून तो वस्तीच्या कडेने मागच्या गोदामापर्यंत जात असे. विहीर आणि पंपघर त्यावरच. मावशींचे घर मात्र वस्तीत.

शहराच्या नगरपालिकेतल्या कारकुनाने नकाशावर बोट फिरवले. "तुमचा पट्टा आधी आत आला की वस्ती आपोआप हद्दीला लागते. रस्त्यासाठी जागा द्या. मोबदला मिळेल."

मावशींबरोबर धाकटा दीर होता. कशावरही वाद घालतो म्हणून वस्ती त्याला 'वकील' म्हणे. "वहिनी, हद्दीला लागल्यावर घेतीलच असं कुठं म्हणाला तो?"

"भावजी, जन्मात एकदा तरी कुणाचं सरळ ऐका," म्हणत मावशींनी सही केली.

या सहीमागे वस्तीची एक रीत होती. चौघांच्या कामाचे काही ठरवायचे तर ते पंपापाशी, पाणी भरता भरता ठरे, आणि मग एक जण सगळ्यांच्या वतीने बोलून येई. त्याचा शब्द सर्वांना बंधनकारक. मावशींना वाटले, आपण साऱ्या वस्तीची सही केली. कायद्याच्या लेखी ती एका पट्ट्याची होती.

शहराने पट्टा घेतला. पट्ट्यावरून पुढे सरकत त्याच्या टोकाचे गोदामही घेतले, कारण तिथे संमती देणारा मालक एकटाच होता आणि कर भरपूर मिळणार होता. मधली वस्ती तेवढी बाहेर राहिली. तिथे जलवाहिन्यांचा खर्च होता आणि उत्पन्न नव्हते. यातली प्रत्येक गोष्ट नियमात बसत होती. अन्याय करायचा तर नियम मोडावा लागतो, हा आपला भोळा समज आहे.

शिवाय शहराच्या हद्दीत खासगी विहिरीचे पाणी लोकांना पुरवायला बंदी होती. पंपघराची खोली मावशींकडे राहिली, पण पंपाला सील लागले. वस्ती टँकरवर आली. मावशी रांगेत येऊन उभ्या राहिल्या की गप्पा थांबत. एक म्हातारी मात्र ऐकू जाईल अशा बेताने बोलली, "नळ आणायला गेली आणि होती ती विहीर देऊन आली."

मावशी हरकत नोंदवायला नगरपालिकेत गेल्या. "राहता कुठं?" कारकुनाने विचारले.

"वस्तीत."

"मग नाही घेता येत. हरकत हद्दीतल्या रहिवाशाचीच लागते."

परतताना वकिलाने वाटेत पंपघराकडे बोट दाखवले. मग म्हणाला, "वहिनी, पंपघरात राहणारा माणूस कुठला म्हणायचा?"

दुसऱ्या दिवशी मावशींनी अंथरूण गुंडाळले. सून म्हणाली, "आई, शहरात राहायला चाललात म्हणे. ओळख तरी ठेवाल ना?"

"तुझी ठेवीन. तुझ्या नवऱ्याचं बघू."

सून हसली आणि झाडू घेऊन पुढे गेली. पंपघर तिनेच झाडून काढले.

खाट टाकल्यावर खोलीचे दार पुरते उघडेना. पंपाच्या तेलाचा वास पांघरुणात मुरला. बाई खरोखरच इथे राहते का, हे पाहायला तपासनीस अवेळी येई. अखेर रहिवासी म्हणून मावशींना नळजोड मंजूर झाला. अट एवढीच, की हद्दीबाहेर पाइप न्यायचा नाही. पाइप कोणी नेला नाही. लोक बादल्या, कळश्या, डबे घेऊन येतात आणि हद्द ओलांडून भरलेले घरी नेतात. ती म्हातारीही येते. मावशी तिची कळशी उचलून देतात.

त्या घरी परतल्या तर नळ तुटेल, म्हणून मावशी पंपघरातच राहतात. वस्ती अजून हद्दीबाहेर आहे. रस्त्यासाठी दिलेल्या पट्ट्याचा मोबदला अद्याप मिळालेला नाही.