दार होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर रोज त्याच दाराला कडी लावते.

कुठून सुरू करू? सोपं आहे तिथून करतो. मी भिवंडीत इतिहास शिकवतो. युद्धांनंतर देश आपल्या अत्याचारांची भरपाई कशी करतात, हा माझा आवडता विषय. गेल्या महिन्यात वाचनालयात त्यावर बोललो. ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांना जर्मनीनं पैसे दिले, ते सांगितलं. नामिबियातला नरसंहार त्यांनी शंभरावर वर्षांनी मान्य केला, पण द्यायच्या पैशाला भरपाई म्हणायचं टाळलं, मदत म्हटलं — तेही सांगितलं. जपानी सैन्यानं छळलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींनी म्हातारपणी, गरज असताना, लोकवर्गणीतून आलेले पैसे नाकारले, हे सांगताना माझा आवाजही जड झाला. होतो तो दरवेळी.

मागच्या रांगेत सलीम बसला होता. माझा बालमित्र. त्यानं विचारलं, "मास्तर, नड असून पैसे का नाय घेतले त्यांनी?"

मी म्हणालो, "कारण आमच्या सरकारनं हे केलं, असं जपानी सत्ताधारी सरळ म्हणत नव्हते."

तो मान हलवत म्हणाला, "बरोबर हाय. पैसे तर आमाला पन मिळालेले."

लोकांना वाटलं, तो सहज बोलला. मी पाणी प्यायलो.

आता सांगतो.

आम्ही निजामपुऱ्याला लागून एका गल्लीत राहायचो, सलीमचं घर समोर. त्याची आई — मी तिला खाला म्हणायचो — वर्षानुवर्षं लूमच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरून बहिरी झाली होती. दार वाजवून तिला कळायचं नाही. म्हणून सलीमच्या अब्बांनी दाराला एक भोक पाडलं आणि वाया गेलेल्या सुताची दोरी वळून त्यातून ओवली. बाहेरून ओढली की आत, तिच्या नजरेसमोर, एक लाल चिंधी उडायची. मग ती आतून म्हणायची, "आली रं, दोरी तोडशील." ती दोरी सगळ्यात जास्त मीच ओढली असेन. अभ्यासाच्या नावाखाली जायचो, जेवून यायचो.

मग दंगल झाली. कुणी सुरू केली, कुणाचं किती जळलं — त्यावर मी तासभर बोलू शकतो. बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण आज मला फक्त एका दाराचं सांगायचं आहे. सलीमच्या घरचे कुलूप लावून नातेवाइकांकडे गेले होते. संचारबंदी सैल झाली त्या दुपारी चार-पाच जण कुलूप तोडून भांडी नेत होते. मी सोळा वर्षांचा होतो. कुणी मला बोलावलं नव्हतं. वज्रेश्वरीच्या रस्त्याला आमच्या गावी बाबांचं नवं घर उभं राहत होतं, आणि हे दार सागवानी होतं.

ते निघून गेल्यावर, दाराला हात घालण्याआधी मी काय केलं, ठाऊक आहे? दोरी ओढली. सवयीनं? की आत कुणी नाही याची खात्री करायला? इतकी वर्षं मी पहिलं उत्तर घट्ट धरून बसलोय. खरं दुसरं आहे.

भंगारातून आणलं, असं मी बाबांना सांगितलं. त्यांनी दार पाहिलं, ते भोक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. भोक त्यांनी स्वतः बुजवलं, वर रंग दिला.

इथवर चोरी झाली. पोरवयातली म्हणून ती कदाचित पोटात घातलीही जाते. पण पुढे नुकसानीच्या पंचनाम्याला सरकारी माणूस आला. सलीमच्या घरचे अजून परतले नव्हते. गल्लीतल्या कुणीतरी मला पुढे ढकललं — "याला इचारा, हा त्यांच्यातच पडलेला असायचा."

त्यानं विचारलं, "घराला दार होतं का?"

मी म्हणालो, "न्हाय. आधीपासनं पडीकच हाय, नुसतं सामान ठेवायचे."

त्यानं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी त्यांचा होतो ना. राहतं घर नव्हतं असं ठरलं, घराचं काहीच मिळालं नाही, भांड्यांचे तेवढे पैसे हातावर टेकवले. ती माणसं परत आली ती बिनदाराच्या खोलीत. खालानं तिथे गोणपाट लावलं. गोणपाटाला दोरी कशी बांधणार? ती दिवसभर तोंड बाहेर करून बसायची — कोण येतंय ते दिसावं म्हणून.

सलीम अजून ईदला गावच्या घरी शीरखुर्मा घेऊन येतो. मी विजेची घंटी बसवली त्या वर्षी तो उंबऱ्याबाहेर उभा राहून हसला. "बरं केलंस. आता ओढाया नको." त्याला माहीत आहे? कधीपासून? आणि तरी डबा घेऊन येतो?

देशांनी नुसते पैसे देऊन भागत नाही, आधी झालं ते झालं म्हणावं लागतं, हे मी किती वर्गांना शिकवलं. फळ्यावर लिहिलं. संध्याकाळी गावी जाऊन तेच दार लोटलं.

खाला आहे अजून. डोळे शाबूत आहेत, समोरच्याचे ओठ हलताना पाहून तिला कळतं. म्हणजे मला तिच्यासमोर बसावं लागेल, तोंड न वळवता, सावकाश — सलीम आणि गल्लीतले उरलेले लोक ऐकत असताना. दार होतं, खाला. सागवानी होतं. तुम्ही कुलूप लावून गेला होता. दार मी काढलं, आणि नव्हतंच असंही मीच सांगितलं.

एवढं मी त्यांचं देणं लागतो. दार वेगळं.